‘आय डोन्ट थिंक’ की ‘आय थिंक… नॉट’?

प्रश्न:
‘आय थिंक ही वोन्ट कम’ हे वाक्य चूक आहे का? पुस्तकांत बहुतेक वेळा ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ असंच दिसतं. ‘होप’लाही हाच नियम लागतो का?

उत्तर १:
चूक नाही, पण सहज बोलताना नकार ‘थिंक’वरच येतो. बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट, इमॅजिन यांचंही तसंच. नकार दुसऱ्या वाक्यात ठेवला की बोलणं ठाम होतं, कधीकधी अंगावर आल्यासारखं वाटतं: ‘आय थिंक यू आर नॉट लिसनिंग’. भांडायचंच असेल तर खुशाल वापरा.

खरी गडबड होते ती दोन्हीकडे नकार दिल्यावर. ‘आय डोन्ट थिंक ही वोन्ट कम’ म्हणजे तो बहुधा येईल! नकार ‘थिंक’वर नेला की उरलेलं वाक्य नकारमुक्त करायचं: ‘वोन्ट’चं ‘विल’, ‘नो’चं ‘एनी’, ‘नथिंग’चं ‘एनिथिंग’, ‘नेव्हर’चं ‘एव्हर’. ‘ही हॅज नो मनी’चं होतं ‘आय डोन्ट थिंक ही हॅज एनी मनी’. हा ‘एनी’ हमखास विसरला जातो.

उत्तर २:
‘होप’ला हे चालत नाही. ‘आय होप इट डझन्ट रेन’ म्हणा. ‘आय डोन्ट होप इट रेन्स’ कानाला खटकतं. तुटक उत्तरातही फरक आहे: ‘आय डोन्ट थिंक सो’, पण ‘आय होप नॉट’ आणि ‘आयॅम अफ्रेड नॉट’. ‘सपोज’ दोन्हीकडे चालतं: ‘आय सपोज नॉट’ किंवा ‘आय डोन्ट सपोज सो’. ‘आय थिंक नॉट’ मात्र आज जुनाट, थोडं नाटकी वाटतं.

उत्तर ३:
यात प्रश्नाचं शेपूटही बघा. ‘आय डोन्ट थिंक ही इज कमिंग, इज ही?’ हे बरोबर. इथे ‘डू आय?’ येत नाही. नकार ‘थिंक’वर दिसला तरी अर्थाने तो ‘कमिंग’चाच, म्हणून शेपूट होकारी.

प्रश्नकर्ता:
आणि ‘प्रॉबेब्ली’ असेल तर?

उत्तर १:
ते नकाराच्या आधी: ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम’. ‘अनफेअर’सारख्या शब्दांतला नकार मात्र उचलून पुढे नेऊ नका. ‘आय थिंक इट्स अनफेअर’ हा सरळ आरोप आहे, ‘आय डोन्ट थिंक इट्स फेअर’ त्याहून सौम्य.