हौशी नवशिक्याने पहिले साधन कोणते घ्यावे : लाझारस की पायथन?

धागाकर्ता : चाळिशीनंतर केवळ हौसेपोटी प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने लाझारस या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. फ्री पास्कल या कंपायलरवर (म्हणजे लिहिलेल्या कोडची चालती फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर) आधारलेले हे साधन १९९९ पासून विकसित होत आले आहे आणि ते पूर्णपणे मोफत आहे. फॉर्मवर (प्रोग्रॅमच्या खिडकीवर) बटणे मांडून लिहिलेला एकच सोर्स कोड विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींसाठी कंपाइल करता येतो. घरच्या पुस्तकांची नोंदवही मी विंडोजवर लिहिली आणि भावाच्या लिनक्स लॅपटॉपवर ती केवळ पुन्हा कंपाइल करून चालवली. डेल्फी या पास्कलच्याच दुसऱ्या साधनाची मोफत आवृत्तीही मी पाहिली होती. परंतु तिला वापरणाऱ्याच्या उत्पन्नाची मर्यादा आहे आणि ती स्वतः विंडोजवरच चालते.

प्रतिसाद १ : असहमत. अडल्यावर विचारायला जवळ कोणी नसेल, तर मोफत साधनही महागात पडते. सीबीएसईच्या बारावीत संगणकशास्त्रासाठी पायथन ही भाषाच शिकवतात, त्यामुळे शंका शेजारच्या मुलालाही विचारता येते. शिवाय ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो (काना आणि वेलांटी वेगळी मोजून), तर लाझारसमधील लेंग्थ ही लांबी मोजणारी आज्ञा १५ सांगते, कारण ती अक्षरे नव्हे, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील बाइट मोजते. मराठीत नोंदी ठेवू पाहणारा नवशिका पहिल्याच आठवड्यात इथे गोंधळेल.

प्रतिसाद २ : प्रोग्रॅम दुसऱ्याला देण्याची वेळ आली की पायथनची सोय संपते. पायथन प्रोग्रॅमची चालती फाइल बनवणारा पायइन्स्टॉलर विंडोजवर बसून लिनक्सची फाइल बनवत नाही. प्रत्येक प्रणालीवर तो वेगळा चालवावा लागतो आणि छोट्याशा प्रोग्रॅमचीही फाइल बरीच मोठी होते.

प्रतिसाद ३ : नोंदवही खिशात हवी असेल, तर दोन्ही साधने अपुरी आहेत, फ्लटर हे मोबाइल ॲप बनवण्याचे साधन पाहावे. तेही मोफत आहे. मात्र आयफोनसाठी ॲप बांधायला मॅक लागतो आणि ते ॲप स्टोअरवर ठेवायचे तर वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात.

धागाकर्ता : मोबाइलचा मुद्दा मान्य आहे. लांबीचा आक्षेपही खरा आहे, आणि त्यात माझी एक संध्याकाळ गेली होती. लेंग्थऐवजी यूटीएफ८लेंग्थ वापरले की उत्तर ५ येते, हे नवशिक्याला आधीच सांगायला हवे. तरीही भावाच्या हाती चालती फाइल देता आली, हे माझ्या लेखी अधिक मोलाचे आहे.