मदत हवी आहे: नाव न घेता केलेल्या आरोपाने समिती सदस्यांची मानहानी होते का?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची बिले फुगवल्याचा आरोप एका सभासदाने केला आणि समितीने त्याला मानहानीची नोटीस धाडली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार, इतरांच्या नजरेत माणसाचे चारित्र्य किंवा पत उणावली तरच लौकिकाला बाध येतो, आणि अशी बदनामी व्यक्तिसमूहाचीही होऊ शकते. पण कोणाचेच नाव घेतलेले नसताना समितीतील एकेका सदस्याला स्वतंत्र तक्रार करता येते का? हिशेब मागताना सद्भावनेने केलेले विधान या कलमाच्या अपवादात बसते का? सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली लौकिक हा संविधानाच्या अनुच्छेद 21 चा (जीविताच्या हक्काचा) भाग मानल्याचा दाखला नोटिशीत ठळक अक्षरांत आहे, जो मला इथे ओढूनताणून आणलेला वाटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.