नरकासुराच्या वर्गणीतले १,२५० रुपये

बी-३०४: मुलांनी दिवाळीला केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचा हिशेब नोटीस बोर्डावर लावलाय, वाचला का? वर्गणी ६,४००. बांबू, गवत, कागद, खळ, मुखवटा, साउंडवाल्याचं भाडं धरून खर्च ५,१५०. शिल्लक १,२५०. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण बेरीज चोख.

सेक्रेटरी: शाब्बास. शिल्लक सोसायटीच्या खात्यात जमा करून घेऊ, पावती देतो.

ए-१०२: कशाला? आइस्क्रीम द्या पोरांना, विषय संपला.

बी-३०४: मला दोन्ही पटत नाही. दारोदार फिरून वर्गणी त्यांनी गोळा केली, मुखवट्याची घासाघीस त्यांनी केली. उरलेलं आपण काढून घेतलं, तर पुढच्या वर्षी पैसे उरवतील कशाला? त्यांनाच ठरवू द्या.

सी-२०१: खरंय. मे महिन्याच्या सुट्टीत मी लेकीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात २०० रुपये देऊन भाजी आणायला लावली. शिरल्याशिरल्या तिने खाजें, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, घेतलं, मग समोर आलं ते घेत गेली. तांबड्या भाजीपाशी पोचली तेव्हा हातात चिल्लरच उरली होती. मी वर पैसे घातले नाहीत. पुढच्या शुक्रवारी मात्र आधी सगळ्या बायांकडे वाट्याचा भाव विचारत फिरली, आणि खाजें सगळ्यात शेवटी.

ए-१०२: आमच्या पोराच्या हातात नोटच येत नाही. पोदेरालासुद्धा, म्हणजे पाववाल्यालाही, मोबाइलवरून पैसे.

डी-४०२: बँकेत जन्म गेला माझा, म्हणून थोडं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः उघडून चालवू देता येतं. रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड वगैरे ज्या त्या बँकेवर. त्याहून लहान असेल तर पालकाची सही, आईचीही चालते. शिल्लक शून्याखाली जाऊच देत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. पोस्टात ५०० रुपयांत खातं उघडतं, व्याज ४ टक्के. महिना १०० पासून ५ वर्षांची आवर्ती ठेवही आहे.
नरकासुराचे पैसे सगळ्यांचे, ते एकाच्या खात्यात नकोत. डबा आणि वही बरी. चतुर्थीला, भाऊबीजेला हातावर पडलेले पैसे मात्र ज्याचे त्याच्या खात्यात. पासबुक भरायला त्यालाच रांगेत उभं करा. १,००० रुपयांवर वर्षाला ४० रुपये बघून हिरमुसेल. हिरमुसू दे, ४० रुपयांत बाजारात काय येतं ते कळेल.
एक कळकळीची विनंती. त्याच्या खात्यातले पैसे त्याला न सांगता घरखर्चाला काढू नका. मुलाचा विश्वास तिथेच उडतो. काउंटरवर बसून हे खूप पाहिलंय.

सेक्रेटरी: पटलं. सोसायटीचा दावा नाही. वर्गणीदारांपैकी कुणाची हरकत?

ए-१०२: नाही. घरकामाचे पैसे द्यावेत का हो मुलांना?

सी-२०१: स्वतःचं ताट उचलल्याचे अजिबात नाही. गाडी धुतली तर द्या.

बी-३०४: मुलांची बैठक झाली. ८०० पुढच्या नरकासुराला राखून, ४५० मध्ये कॅरमच्या नव्या सोंगट्या आणि स्ट्रायकर. खजिनदार दर वर्षी बदलणार.

ए-१०२: मी या शनिवारी पोराला बँकेत नेतो.

डी-४०२: हा चौथा शनिवार, बँक बंद. पुढच्या शनिवारी जा. आधार, जन्मदाखला, फोटो घ्या. आणि सही घरीच पक्की करून घ्या त्याच्याकडून, दर वेळी वेगळी नको.