जीमेलमध्ये नकोशा मेलसाठी फिल्टर कसा लावावा?

प्रश्न: कर्जाच्या आणि सोडतीच्या जाहिराती रोज नव्या पत्त्यावरून येत असल्यामुळे एकेक पत्ता ब्लॉक करून काहीच साधत नाही. यावर उपाय काय?

प्रतिसाद १: पत्त्याचा ‘@’ नंतरचा भाग पुष्कळदा तोच असतो. संगणकावर (मोबाइल अ‍ॅपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही) शोधपट्टीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबून प्रेषकाच्या रकान्यात तेवढाच भाग लिहावा, आधी नुसता शोध घेऊन कोणते जुने मेल सापडतात ते पाहावे आणि मगच फिल्टर कायम करावा.

प्रतिसाद २: नुसत्या ‘कर्ज’ या शब्दावर मेल थेट डिलीट करणारा फिल्टर मात्र लावू नये, कारण सुक्याबरोबर ओलेही जळते, बँकेचे हप्त्याचे पत्रही कचरापेटीत जाईल आणि ३० दिवसांनी कायमचे पुसले जाईल. त्याऐवजी असे मेल इनबॉक्समध्ये न येता लेबलखाली (नाव दिलेल्या वेगळ्या गटात) जातील असा फिल्टर लावणे बरे.

प्रश्नकर्ता: ‘@’ नंतरचा भागही बदलत असेल तर?

प्रतिसाद १: मग पत्त्यावरच्या फिल्टरचा उपयोग नाही. तसे मेल स्पॅम म्हणून नोंदवत राहावे. त्यातील ‘अनसबस्क्राइब’ची लिंक उघडू नये, कारण आपला पत्ता वापरात असल्याचे पाठवणाऱ्याला त्यातून कळू शकते.