ओव्हनची वायर मागे गेली, लांब नोज प्लायर कुणाकडे आहे? (अर्जंट)

वैशाली – गुरुवार, रात्री ९:४०

मंडळी,
ओव्हनचं नवीन एलिमेंट (तळाची तापणारी नळी) आज आलं. जेवणं आटोपून बसले, म्हटलं होऊन जाईल. आतले दोन स्क्रू काढले, जुनं एलिमेंट पुढे ओढलं, डावीकडची वायर सुटली आणि सुळकन ओव्हनच्या मागच्या भोकातून आत! भोकात करंगळीसुद्धा जात नाही. उजवीकडची अजून जुन्या एलिमेंटलाच लटकतेय.
रेंज (वर शेगड्या, खाली ओव्हन) दोन्ही बाजूंनी ग्रॅनाइटमध्ये घट्ट बसलीय आणि खाली मे महिन्यात घातलेलं लाकडी फ्लोअर आहे, त्यामुळे बाहेर ओढायला हे तयार नाहीत.
फराळाच्या चिवड्याचे सगळे पातळ पोहे ओव्हनमध्ये भाजायला माझ्याकडे पडलेत आणि शनिवारी पॅकिंग. लांब टोकाचा नोज प्लायर कुणाकडे आहे? मंडळाचा टूलबॉक्स गणपतीनंतर कुणी नेला?

मंदार – ९:५२

टूलबॉक्सचं मखरवाल्यांना विचार, मी कधीच परत दिला होता.
प्लायर कशाला पाहिजे? तारेचा हँगर सरळ कर, टोकाला हुक वळव, भोकातून घाल आणि वायर ओढून घे. ओव्हन बंद आहे ना? ओव्हनवरचं घड्याळ गेलं असेल तर करंट नाही. बिनधास्त कर.

शिरीषकाका – १०:०३

वैशाली, हँगर घालू नकोस! आधी बेसमेंटमधला ब्रेकर पाडलास का ते सांग. बटणाने ओव्हन बंद केला म्हणजे काही झालं नाही.
मंदार, हे तुला मागेही सांगितलंय. आपल्याकडे भारतात एक फेज आणि एक न्यूट्रल. इथे अमेरिकेत ओव्हनच्या एलिमेंटला येणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात, जमिनीच्या हिशोबाने प्रत्येकी १२० व्होल्ट, एकमेकींत २४०. बऱ्याच रेंजमध्ये बटण बंद केल्यावर रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) त्यातली एकच तोडतो. दुसरी एलिमेंटपर्यंत जिवंतच राहते. ती मागे गेलेली वायर नेमकी तीच असली तर तुझा हँगर कुठे लागेल याचा विचार कर.

मंदार – १०:११

काका, मी ब्रेकर पाडू नको असं कुठे म्हटलं? घड्याळ बंद म्हणजे ब्रेकर पडलेलाच असणार ना. ते काय बॅटरीवर चालतं?

शिरीषकाका – १०:२४

बॅटरीवर नाही, एकाच लाईनवर चालतं. १२० व्होल्टवर. ती लाईन गेली आणि दुसरी राहिली तर घड्याळ काळं आणि एलिमेंटची तार जिवंत. जुन्या पॅनेलमध्ये दोन सुटे ब्रेकर शेजारी शेजारी लावून वर दोन्ही एकदम पाडणारी जोडपट्टी न घातलेली मी स्वतः पाहिलीय, याच गावात. उलटंही होतं. घड्याळ चालू, दिवा चालू, ओव्हन मात्र तापत नाही, आणि लोक नवीन एलिमेंट मागवून बसतात.
घड्याळावर विसंबू नये. मीटर लाव.

सुलभाताई – १०:३०

वैशाली, पोह्यांची काळजी सोड. नाहीतरी ओव्हनमध्ये भाजलेले पोहे मला पसंत नाहीत, मागच्या वर्षी निम्मे आक्रसले होते. माझ्याकडे दोन मोठ्या कढया आहेत. उद्या संध्याकाळी चौघीजणी या, मंद आचेवर हलक्या हाताने दोन तासांत होईल. चिवड्याचं फराळ समितीने ठरवायचं होतं, ते परस्पर ओव्हनवर कसं गेलं हे मला अजून कळलेलं नाही.

वैशाली – १०:४१

सुलभाताई, आक्रसले कारण ट्रेमध्ये थर जाड होता आणि ३०० ला ठेवले होते. मी २०० फॅरनहाइटला, एकेरी थर, मधे एकदा हलवून करते. परस्पर काही नाही, मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा तुम्ही मुंबईत होतात.
काका, ब्रेकर पाडलाय. पण पॅनेलवरची नावं आधीच्या मालकाने पेन्सिलने लिहिलीत, त्यात 'रेंज'ही आहे आणि 'किचन मोठा'ही आहे. 'रेंज' पाडल्यावर घड्याळ गेलं.
आणखी एक विचारायचं होतं. मंगळवारी एलिमेंट गेलं तेव्हा तळाशी एकदम फुलबाजी पेटल्यासारखं झालं. पांढरा उजेड, तडतड. मी लगेच बटण बंद केलं तरी ते नळीवरून हळूहळू पुढे सरकत जळतच राहिलं. ह्यांनी खाली जाऊन ब्रेकर पाडला तेव्हा थांबलं. असं कसं?

शिरीषकाका – १०:५८

हेच तर मी मघापासून सांगतोय! एलिमेंटच्या नळीत मधोमध नायक्रोमची बारीक तार असते आणि सभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली. पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज नाही. नळीला चीर गेली, तार तुटून नळीला चिकटली, की वीज बॉडीमार्गे जमिनीत जाते. तुझं बटण एक लाईन तोडून मोकळं झालं, दुसरी लाईन आणि बॉडी मिळून १२० व्होल्टवर खेळ चालूच. मधे तारेचा रोध असल्याने इतका करंट जात नाही की ४० अँपिअरचा ब्रेकर लगेच पडेल. ह्यांनी खाली धाव घेतली ते उत्तम केलं.
आता मीटर. दोन वायरींच्या मधे लावू नको. जिवंत आहे ती एकटीच असली तर तिथे शून्य दिसेल आणि तू फसशील. एक टोक ओव्हनच्या उघड्या धातूला, स्क्रूच्या भोकाशी एनॅमल नसतं तिथे, आणि दुसरं वायरीला. मीटर एसी व्होल्टवर. त्याआधी तोच मीटर भिंतीच्या सॉकेटवर लावून चालतोय याची खात्री कर.
पण तुझी एक वायर मागे आहे, तिला मीटर लागणारच नाही. म्हणून ब्रेकरवर भागणार नाही, प्लग काढ.

अनघा – ११:०६

आम्ही भाड्याने राहतो म्हणून विचारते, हे असं स्वतः करायला परवानगी असते का? आमचंही खालचं तापत नाही, वरचं ब्रॉईल (वरून भाजणारं एलिमेंट) चालतं. मालक म्हणतो महिनाअखेरीला माणूस पाठवतो.

मंदार – ११:१०

अनघा, भाड्याच्या घरात हात लावू नकोस. ईमेलवर लेखी कळव आणि मालकाच्या मागे लाग. काही बिघडलं तर डिपॉझिटमधून कापून घेतील.
बाकी, वैशाली, प्लग रेंजच्या मागे असतो. रेंज ओढल्याशिवाय तो काढणार कसा? म्हणून मी हँगर म्हटलं.

केदार – ११:१५

मंडळी, या यादीवर चारशे लोक आहेत. एकाच विषयात पोहे, भाडं आणि वीज नको. भाड्याच्या प्रश्नासाठी वेगळा विषय उघडा. (टूलबॉक्स मखरवाल्यांकडे नाही. मी विचारलं.)

शिरीषकाका – ११:२२

खालचा ड्रॉवर, ज्यात सगळे तवे आणि ट्रे ठेवतात, तो पूर्ण बाहेर काढ. शेवटपर्यंत ओढून पुढची बाजू वर उचलली की निघतो. पुष्कळ रेंजचा सॉकेट जमिनीलगत नेमका त्याच्यामागे असतो, पोटावर झोपून हात घातला की प्लग निघतो. ब्रेकर पाडलेलाच ठेवून हे करायचं. मॉडेल नंबरचं लेबलही बहुधा तिथेच चौकटीवर असतं, आलेलं एलिमेंट बरोबर आहे का तेही पाहून घे.

मंदार – ११:२९

प्लग निघाला तरी वायर मागेच आहे. मागचा पत्रा काढल्याशिवाय मिळणार नाही, आणि पत्र्यासाठी रेंज ओढावीच लागेल. फ्लोअरला पुढच्या पायांखाली जुनी सतरंजी घालायची, मखमलीसारखी सरकते.

सुलभाताई – ११:३४

सतरंजीखाली एक खडा असला तरी फ्लोअरवर रेघ उठते, आमच्याकडे फ्रिज सरकवताना झालंय. ज्या खोक्यातून एलिमेंट आलं ते पुठ्ठे घाल.

वैशाली – शुक्रवार, सकाळी ७:५५

ड्रॉवर काढला, प्लग तिथेच होता. निघाला! ड्रॉवरच्या मागे दोन वर्षांचे ब्लूबेरी आणि एक उलथणं सापडलं, तो विषय वेगळा.
मग ओव्हनचं दार काढलं. अर्धवट उघडं धरून वर उचललं की निघतं. त्याने डोकं आत घालायला जागा झाली. टॉर्च लावला तर भोकाच्या आत जेमतेम दोन इंचांवर वायरीचं टोक दिसत होतं, पिवळ्या काचलोकरीत रुतलेलं. भुवयांच्या चिमट्याने ओढून घेतलं. रेंज हलवावीच लागली नाही, ह्यांचं फ्लोअर वाचलं.
आता दोन्ही वायरींना कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवलेत.
एक शंका. डाव्या वायरीचं टोक, ते चपटं खोबणीचं, काळं पडलंय आणि सैल आहे. नवीन एलिमेंटला लावलं तर हलतं. दाबून घट्ट करू का?

मंदार – ८:०२

पकडीने जरा दाब, बसेल.

शिरीषकाका – ८:०९

नाही! काळं पडलेलं टोक म्हणजे तिथे जोड सैल होता आणि तापत होता. दाबून बसवलंस तर पुन्हा तापेल. वायरीचा जळका भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा आणि नवीन टोक क्रिंप कर (खास पकडीने आवळ). ओव्हनसाठी जास्त तापमानाचं मिळतं तेच आण. निळ्या-लाल प्लास्टिकचं नको, ते वितळतं. माझ्याकडे चार आहेत, क्रिंपरही आहे. मीटरही आणतो. दहाला येतो, फक्त चहा कर.

अनघा – ८:२०

केदारदादा, वेगळा विषय उघडलाय, कुणीच उत्तर दिलं नाही.

वैशाली – दुपारी १:१५

झालं.
बसवण्याआधी काकांनी दोन्ही एलिमेंट मोजली. नवीन २५०० वॉटचं आहे, २३ ओहम दाखवलं. जुन्यावर मीटर काहीच दाखवेना, तार पूर्ण तुटलेली. नवीनचं एक टोक आणि बाहेरची नळी यांच्यात संपर्क नाही हेही पाहिलं. (२४० गुणिले २४० भागिले २५०० हे काकांनी पोह्यांच्या पिशवीवर लिहून दाखवलं. सुलभाताई, पिशवी टाकू नका, माझ्या मुलीला शाळेत दाखवायचीय.)
काचलोकर पुन्हा मागे नीट बसवली. हातमोजे घाला, मी घातले नव्हते, अजून खाजतंय. वायरी आत ढकलताना कुठे पत्र्याच्या कडेला घासत नाहीत ना ते पाहिलं.
रिकामा ओव्हन ३५० वर अर्धा तास चालवला. धूर आणि वास येतो, एक्झॉस्ट आणि खिडकी दोन्ही उघडं ठेवा, आमचा स्मोक अलार्म वाजलाच. पहिला ट्रे आत गेलाय.
एलिमेंट चाळीस डॉलरला पडलं. फोनवर विचारलं तर दुरुस्तीवाला नुसता येण्याचे दीडशे म्हणाला होता.

सुलभाताई – १:३०

छान. पण अर्धे पोहे कढईतच करणार आहोत, बायकांना सांगून ठेवलंय. शेंगदाणे आणि डाळं कुणी आणायचं ते अजून ठरलेलं नाही. खोबऱ्याचे काप पातळ हवेत, मागच्या वेळी तुकडे केले होते.

मंदार – १:४८

काका, माझ्या ओव्हनला सेल्फ क्लीन आहे. दिवाळीला पाहुणे यायच्या आत फिरवून टाकू का?

शिरीषकाका – २:०५

दिवाळीआधी अजिबात नको. त्यात आतलं तापमान ९०० फॅरनहाइटच्या आसपास जातं. एलिमेंट, दाराचं कुलूप, थर्मल फ्यूज, जे काही कमकुवत असेल ते नेमकं तेव्हा जातं. पाहुणे येऊन गेल्यावर फिरव. तोवर खायचा सोडा आणि पाणी, आणि जरा हात चालव.

केदार – २:२०

टूलबॉक्स सापडला. मंदारच्या गॅरेजमध्ये आहे, वहिनींनी फोटो पाठवलाय. मंदार, शनिवारी पॅकिंगला येताना घेऊन ये, स्टेजच्या पडद्याचे स्क्रू त्यातच आहेत.

मंदार – २:२६

तो मंडळाचा नाही, माझा आहे. मंडळाचा लाल होता.

अनघा – २:३१

लाल आमच्याकडे आहे. गणपतीच्या वेळी शिरीषकाकांनीच ठेवायला दिला होता. आत नोज प्लायर आहे, लांब टोकाचा.