चाखोखबिली (जॉर्जियन चिकन) घरी करतेय पण दरवेळी आपला रस्साच होतोय, काय चुकतंय?

सुमेधा_नाशिक

नमस्कार मंडळी, लेक जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. सुट्टीत घरी येतेय तर मी विचारलं काय करू तुझ्यासाठी, मला वाटलं मटण म्हणेल नाहीतर थालीपीठ, तर म्हणाली आई तू चाखोखबिली करशील का. ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या आजी करतात म्हणे दर आठवड्याला, आणि परीक्षेच्या दिवसात ताटली झाकून हिच्या दाराशी ठेवून जातात. त्या आजींचं माझ्या लेकीवर जे प्रेम आहे ते मला परत कसं करता येणार, निदान त्यांचा पदार्थ तरी नीट शिकावा असं मनात आहे.

आत्तापर्यंत दोनदा केलं. पहिल्यांदा तेलात कांदा परतून आलं-लसूण, टोमॅटो, चिकन आणि कुकरच्या दोन शिट्ट्या. चव वाईट नव्हती पण मसाला न घातलेला आपला रस्सा झाला. दुसऱ्यांदा आलं वगळलं, तेल कमी केलं, कढईत केलं, अर्धी वाटी पाणी घातलं, तर चिकन पांढरंफटक राहिलं, टोमॅटो कच्चट लागला आणि कोथिंबीर काळी पडली. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली छान दिसतंय गं, पण हे ते नाही.

तर विचारायचंय की तेल घालायचं का नाही? पाणी किती? ते उत्स्खो सुनेली म्हणून काहीतरी लागतं ते इथे कशाने भागवायचं? आणि बेझिल नसेल तर तुळस चालेल का? कुणी तिकडे राहिलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

कुताइसीहून_परत

ताई, मी सहा वर्षं जॉर्जियातल्याच कुताइसी शहरात होतो शिकायला, आता सांगलीत आहे. तुमच्या लेकीचं अगदी बरोबर आहे, आणि चूक मसाल्यात नाहीये, सुरुवातीत आहे. आपण आधी फोडणी करतो आणि मग त्यात चिकन टाकतो. तिथे उलटं, आधी नुसतं चिकन. तेल नाही, पाणी नाही, कांदा नाही. कोरड्या गरम पातेल्यात चिकनचे तुकडे, आणि ते स्वतःच्या चरबीत परतायचे. पदार्थाचा सगळा जीव त्या पहिल्या १५-२० मिनिटांत आहे.

म्हणूनच चिकन स्किनसकट हवं. आपल्याकडे दुकानदार न विचारताच कातडी सोलून टाकतो, त्याला आधीच बजावून सांगा. दीड किलोची अख्खी कोंबडी घ्या, हाडांसकट १०-१२ मोठे तुकडे करा, करी कटसारखे बारीक नकोत. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने पार कोरडे करा, हे फार महत्त्वाचं, ओलं चिकन परतलं जात नाही, उकडलं जातं, तुमचं पांढरं राहिलं ते त्यामुळेच. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं मध्यम आचेवर तापवा, कातडीची बाजू खाली करून तुकडे लावा आणि लगेच ढवळू नका. चिकटल्यासारखे वाटतात पण चरबी सुटली की आपोआप सुटे होतात. ब्रॉयलर असेल तर पाणी खूप सुटेल. ते पाणी फेकू नका आणि आटेपर्यंत थांबूही नका, वाटीत काढून बाजूला ठेवा. पातेलं कोरडं झालं की पुन्हा परता, सगळीकडून सोनेरी रंग येऊ द्या. ते वाटीतलं पाणी नंतर चमचा-चमचा परत घालायचं, खाली लागतंय असं वाटलं की. दुसरं पाणी एक थेंबही नाही.

मग कांदा. भरपूर, अर्धा किलो तरी, उभा पातळ चिरून. बटरचा एक मोठा चमचा इथे घाला (काही जण कोंबडी चरबीची असेल तर तोही घालत नाहीत). कांदा मऊ आणि गोडसर होऊ द्या, आपल्यासारखा लालबुंद नको, नाहीतर चव पुन्हा आपल्या वाटणाकडे जाते. मग टोमॅटो पाऊण किलो. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून सालं काढायची, हातानेच कुस्करायचे. मिक्सर नको, त्याने फेस येतो आणि रंग गुलाबी होतो. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. टोमॅटो कच्चट लागला कारण तो शिजायच्या आत तुम्ही पाणी घातलंत, आता तो चिकनच्या चरबीत शिजेल तेव्हा फरक बघा.

शेवटी चार-पाच लसूण पाकळ्या, एक लाल मिरची आणि मीठ खलबत्त्यात कुटून घालायचं, धणेपूड एक चमचा, आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी हिरवं सगळं. कोथिंबीर (तिकडे किंदझी म्हणतात) जुडीभर, चिमूटभर नाही! ती इथे भाजीसारखीच घालायची. बंद केल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावू नका. तुमची काळी पडली ती उकळत राहिल्यामुळे.

आलं, गरम मसाला, खोबरं काहीच नाही. दाटपणा फक्त कांदा-टोमॅटोचा. ताटलीत चिकनला लपेटून राहील इतपत रस असावा, वाहणारा नको.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. खोखोबी म्हणजे फेझंट पक्षी, त्यावरून चाखोखबिली हे नाव, म्हणजे मुळात हा रानपक्ष्याचा पदार्थ. टोमॅटो तर अमेरिकेतून आलेला, त्यामुळे जुन्या काळचा पदार्थ नक्कीच आजच्यासारखा लाल नसणार. आणि फेझंटचं शास्त्रीय नावसुद्धा तिथलंच आहे, फासिआनुस कोल्किकुस, कोल्किस म्हणजे पश्चिम जॉर्जियाचा प्राचीन प्रदेश आणि फासिस म्हणजे आजची रिओनी नदी. ती रिओनी कुताइसीमधून वाहते, मी रोज तिच्या पुलावरून कॉलेजला जायचो. तिबिलिसीची दंतकथाही फेझंटचीच, राजा वाख्तांग गोर्गासाली शिकारीला गेला, त्याचा ससाणा आणि फेझंट दोघं गरम पाण्याच्या झऱ्यात पडले आणि राजाने तिथेच शहर वसवायचं ठरवलं. तबिली म्हणजे कोमट. लेकीला विचारा, तिला माहीत असेल.

परसबाग_कोल्हापूर

सुमेधाताई, मी तिकडे गेले नाहीये पण हर्ब्ज लावते घरी आणि जॉर्जियन पदार्थ दोन-तीन वर्षं करतेय, त्यामुळे मसाल्याचं मी सांगते.

उत्स्खो सुनेली म्हणजे मेथीचीच बहीण, निळ्या फुलांची मेथी. तिच्या बिया शेंगांसकट दळतात. आपल्या मेथीपेक्षा खूपच सौम्य, कडवटपणा जवळजवळ नाही, वास सुक्या गवतासारखा आणि थोडा अक्रोडासारखा. गंमत म्हणजे उत्स्खो या शब्दाचा अर्थच परका. इथे मेथीदाणे दळून घालू नका, कडू होईल. कसुरी मेथी अर्धा चमचा हातावर चुरडून त्यात चिमूटभर भाजलेल्या मेथीची पूड, एवढ्यावर मी भागवते. हुबेहूब नाही पण दिशा तीच. लेक येतेय ना, मग तिलाच पाकीट आणायला सांगा, तिथल्या बाजारात ढिगाने मिळतं.

तुळस अजिबात नको. तुळशीला लवंगेसारखा वास असतो, पदार्थ काढ्यासारखा लागतो, मी एकदा करून बघितलंय. पण सब्जा माहितीये ना, फालुद्यात ज्याचं बी घालतो, ते झाड म्हणजे बेझिलच. नर्सरीत सब्जाचं रोप मिळतं किंवा ते बी कुंडीत टाका, पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात पानं काढता येतील. तिथे जांभळं वापरतात, त्याला रेहानी म्हणतात, पण हिरवंही चालतं. ख्मेली सुनेली म्हणून जो मिश्र मसाला मिळतो (ख्मेली म्हणजे सुका), त्यात धणे, उत्स्खो, बेझिल, शेपू, मरवा असं बरंच असतं. मरवा आपल्या गजऱ्यात असतो तोच! शेपूपण घरात असतो. म्हणजे अर्धा मसाला आपल्या परसात आहेच.

आणि झेंडू. हो, खरंच झेंडू. तिकडे झेंडूच्या पाकळ्या वाळवून, दळून मसाल्यात घालतात, इमेरेतीचं (पश्चिम जॉर्जियातला प्रांत) केशर म्हणतात त्याला. रंग पिवळा, वास मातकट आणि किंचित लिंबासारखा. पण बाजारातला दसऱ्याचा झेंडू चुकूनही वापरू नका ताई, त्यावर औषधं मारलेली असतात. घरच्या कुंडीतला, काहीही न फवारलेला असेल तरच, पाकळ्या सावलीत वाळवून, पाव चमचा पुरे.

सुमेधा_नाशिक

किती मनापासून लिहिलंत दोघांनी, मी वहीत उतरवून घेतलं. कोरड्या पातेल्यात चिकन, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

दोन शंका. आमच्याकडे गावरान कोंबडी चांगली मिळते, भाजलेली, कातडीसकटच असते, ती घेऊ का? आणि झेंडू नसेल तर रंगासाठी हळद चालेल का? आणि बिडाची कढई आहे आईची, त्यात करू का?

कुताइसीहून_परत

गावरान घ्या की! तिकडच्या खेड्यातल्या कोंबड्याही तशाच चिवट, अंगणात फिरणाऱ्या. फक्त वेळ बराच जास्त धरा, टोमॅटो घातल्यावर सव्वा ते दीड तास अगदी मंद आचेवर. पाणी सुटणार नाही फारसं, त्यामुळे झाकणावर पाणी ठेवून शिजवा आपण ठेवतो तसं, वाफ आतल्या आत पडत राहते. भाजताना हळद चोळलेली असेल तर ती नीट खरवडून धुवा, आणि थोडा धुरकट वास येईल तो मला तरी आवडतो, पण लेकीच्या आठवणीतली चव हवी असेल तर पहिल्यांदा ब्रॉयलरच करा.

हळद नको. रंग येईल पण वासाने लगेच घरचं कालवण वाटेल. बिडाच्या कढईत चिकन परता हवं तर, पण टोमॅटो तासभर त्यात शिजवू नका, आंबट पदार्थ लोखंडात काळपटतो आणि धातूची चव उतरते.

मीना_बर्लिन

इथे आमच्या शेजारी एक जॉर्जियन कुटुंब आहे त्यामुळे हा पदार्थ आमच्याकडे महिन्यातून एकदा असतोच. वरचं सगळं बरोबर, पण प्रत्येक घराचं वेगळं असतं हेही लक्षात असू द्या. आमची शेजारीण टोमॅटोनंतर अर्धा ग्लास पांढरी वाइन घालते, तिच्या सासूबाई म्हणतात वाइन प्यायची, पातेल्यात ओतायची नाही. बटाटे घालावेत का यावरून तर त्यांच्यात प्रत्येक वेळी चर्चा होते. मला विचाराल तर बटाटा नको, तो सगळा रस पिऊन टाकतो. त्यामुळे लेकीला त्या आजींच्या ताटलीत काय-काय दिसायचं ते एकदा नीट विचारा, तेच तिच्यासाठी खरं.

टोमॅटो गावठी, आंबट, पिकलेले घ्या. जाड सालीचे लांबट मिळतात ते फक्त गोड लागतात.

सोबत काय कराल? तिथे पावाला पुरी म्हणतात, शोतिस पुरी, लांब होडीसारखा, टोने नावाच्या तंदूरमध्ये भिंतीला चिकटवून भाजलेला. भात नको, पाव हवाच, तो रस पुसून घ्यायला. घरी ते जमणार नाही पण तंदुरी रोटी, साधा कडक पाव काहीही चालेल. आणि पश्चिम जॉर्जियात मक्याच्या पिठाची म्चादी करतात, पीठ, मीठ, पाणी, हातावर थापून मातीच्या तव्यावर भाजायची. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, माझी आजी धुळ्याकडची, मक्याची भाकरी करायची ती फक्त जरा जाड केल्यासारखी. तुम्ही मक्याची भाकरीच करा, लेकीला दोन्ही घरं एका ताटात मिळतील.

शाकाहारी_वाचक

मी चिकन खात नाही पण वाचून खावंसं वाटायला लागलं, यात काही भाजीचं होतं का?

मीना_बर्लिन

होतं ना, अजाप्सांदाली करा. वांगी, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो, आणि शेवटी हाच लसूण-कोथिंबीर-बेझिलचा मारा. वांगी वेगळी परतून घ्या. गारही छान लागते, दुसऱ्या दिवशी जास्तच.

सुमेधा_नाशिक

काल केलं. स्किनसकट ब्रॉयलर, कोरडं पातेलं. पहिली पाच मिनिटं जीव मुठीत धरून उभी होते की करपणार, हात शिवशिवत होता तेल घालायला, पण नाही घातलं. मग खरंच चरबी सुटली आणि तुकडे आपोआप सुटले. पाणी जवळजवळ वाटीभर निघालं, त्यातलं अर्धंच परत लागलं. कसुरी मेथी घातली, सब्जा अजून उगवतोय त्यामुळे फक्त कोथिंबीर आणि थोडा शेपू. मिस्टर म्हणाले हे काहीतरी वेगळंच आहे, मसाला कुठला आणलास. काहीच मसाला नाही म्हटलं तर पटेना त्यांना.

रात्री लेकीला फोटो पाठवला. तिने तो त्या आजींना दाखवला आणि आजींनी (बेबिया म्हणते ती त्यांना) निरोप दिलाय की रंग बरोबर आहे पण कांदा अजून हवा. पुढच्या वेळी पाऊण किलो घेईन. उत्स्खो सुनेली आणि झेंडूची पूड त्या स्वतःच बांधून देणार आहेत तिच्यासोबत. मी त्यांच्यासाठी काय पाठवू, टिकेल असं आणि त्यांना तिखट होणार नाही असं? बेसनाचे लाडू म्हणतेय, चालतील ना विमानात?

कुताइसीहून_परत

लाडू उत्तम, घट्ट वळा आणि डब्यात पक्के बसवा, चेक-इन बॅगेत टाका. आणि सोबत थोडा गोडा मसालाही द्या ताई, कसा वापरायचा ते लेक दाखवेल त्यांना.