४१३००१ : वर्गांच्या बेरजेचा तिसरा प्रकार नाही कशावरून?

मंडळी, मदत हवी आहे. नववीतल्या भाचीने आपल्या सोलापूरचा पिनकोड, ४१३००१, अवयव पाडायला घेतला. अंकांची बेरीज ९, त्यामुळे ९ ने भाग जाणार हे लगेच दिसलं. उरलेल्या ४५८८९ ने मात्र घाम काढला (इथल्या उन्हात तो तसाही निघतोच). अखेर १०९ ने भाग गेला: ३ × ३ × १०९ × ४२१.

खरी गंमत पुढे. १०९ आणि ४२१ या मूळ संख्यांना ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच: १०² + ३², १५² + १४². ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने (दोन वर्गांच्या अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो) या जोड्या गुणल्या, मग उरलेल्या ३ × ३ साठी आलेल्या संख्यांची तिप्पट केली, तर ४१३००१ दोन प्रकारे मिळाला: ३२४² + ५५५² आणि ५७६² + २८५².

आता ती विचारतेय, तिसरा प्रकार नाही कशावरून? मला येणारी सिद्धता संमिश्र संख्यांवरून (−१ चं वर्गमूळ घेऊन बनणाऱ्या) जाते, त्या तिला अजून शिकवलेल्या नाहीत. शाळेच्या बीजगणितात बसेल असं कुणी समजावेल का? संगणकाने सगळ्या जोड्या तपासून दिलेलं उत्तर नको, ते ती मान्यच करत नाही.